देवाची शपथ न घेता कोर्टात साक्ष देता येते का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे निवृत्त शिक्षक आहेत, देव मानत नाहीत. शेजारच्या दोन घरांत बांधावरून झालेली मारामारी त्यांनी स्वतः पाहिली, पोलिसांनी जबाब नोंदवला, आणि आता फौजदारी कोर्टाचं समन्स हातात पडलंय. ते विचारतात: ईश्वराची शपथ घ्यावीच लागते का? नाही म्हटलं तर न्यायाधीश नाराज होऊन साक्ष हलकी धरतील का? आणि एका मित्राने त्यांना सांगितलंय की देवाचं नाव घेतलं नाही तर ती शपथच नव्हे, मग त्या साक्षीत खोटं निघालं तरी गुन्हा होत नाही. हे खरं का?

मित्राचं आधी निकालात काढतो, कारण असला सल्ला माणसाला तुरुंगापर्यंत नेऊ शकतो. शपथ अधिनियम, १९६९ हा अवघ्या नऊ कलमांचा कायदा आहे. त्याचं कलम ८ म्हणतं की कोर्टापुढे कोणत्याही विषयावर साक्ष देणारा प्रत्येक जण त्या विषयाबद्दल खरं सांगायला बांधील आहे. प्रत्येक जण. शपथ घेतलेला, प्रतिज्ञा केलेला, अशी विभागणी त्या कलमात नाही. कलम ७ आणखी पुढे जातं: शपथ द्यायची राहून गेली, एकीच्या जागी दुसरी दिली गेली, देण्याच्या पद्धतीत चूक झाली, तरी साक्ष बाद होत नाही आणि खरं बोलण्याचं बंधनही सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२७ (जुन्या दंडसंहितेचं १९१) खोट्या पुराव्याची व्याख्या करताना शपथेने बांधलेला किंवा कायद्याच्या स्पष्ट तरतुदीने बांधलेला, असे दोन्ही धरतं. कलम ८ ही तशी स्पष्ट तरतूद झाली. त्यामुळे देवाचं नाव घ्या, न घ्या, न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहेच. मित्राचं म्हणणं पुरतं चुकीचं आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. देवाची शपथ घेणं सक्तीचं नाही. त्याच कायद्याचं कलम ५ एका ओळीचं आहे: साक्षीदार शपथेऐवजी प्रतिज्ञा करू शकतो. का करायची आहे याचं कारण द्यावं लागत नाही. तुम्ही नास्तिक आहात, अज्ञेयवादी आहात, की पक्के वारकरी असून विठ्ठलाचं नाव मारामारीच्या खटल्यात ओढणं तुम्हाला पसंत नाही, हे कोर्टाने विचारायचं कारण नाही. कायद्याच्या परिशिष्टातला नमुनाही एकच आहे, फक्त सुरुवातीला दोन पर्याय दिलेत: ईश्वराची शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. पुढचं वाक्य दोघांनाही तेच, की जे सांगेन ते सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्याखेरीज काहीही नसेल.

मात्र एक लक्षात ठेवा. दोन्हींपैकी एक करावंच लागतं. मी शपथही घेणार नाही आणि प्रतिज्ञाही करणार नाही, माझा शब्द पुरेसा आहे, असा बाणा काही जण दाखवतात. तो न्याय संहितेच्या कलम २१३ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तत्त्वासाठी तुरुंगात जायचंच असेल तर त्यासाठी याहून बरी तत्त्वं सापडतील.

कागदावर हे सरळ आहे. कोर्टात काय होतं ते सांगतो, कारण अडचण येते ती तिथे.

तुमच्या नावाचा पुकारा होतो. तुम्ही पिंजऱ्यात जाऊन उभे राहता. साहेब, म्हणजे न्यायाधीश, आधीच्या प्रकरणाच्या रोजनाम्यावर (त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीवर) सही करत असतात, लघुलेखक नवीन पान घेत असतो, आरोपीचे वकील फाइल शोधत असतात. या गडबडीत पट्टेवाला किंवा बेंच क्लार्क एका दमात म्हणतो, ‘म्हणा, ईश्वराची शपथ घेऊन सांगतो की खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.’ साक्षीदाराच्या तोंडून ते निघून जातं आणि सरतपास, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न, सुरू होतो. सगळं मिळून पाच-सहा सेकंदं. खरं तर कलम ६ प्रमाणे खालच्या कोर्टांत शपथ पीठासीन अधिकाऱ्याने, म्हणजे न्यायाधीशाने, स्वतः द्यायची असते. पण शेकडो तारखांच्या बोर्डात हे काम पट्टेवाल्याकडे सरकलंय आणि कोणाला त्यात वावगं वाटेनासं झालंय. पट्टेवाल्याला कलम ५ माहीत असेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला एकच वाक्य पाठ आहे.

म्हणून त्या दिवशी कोर्टात लवकर जा आणि सरकारी वकिलांना बाहेर व्हरांड्यातच सांगून ठेवा की मी प्रतिज्ञेवर साक्ष देणार आहे. पुकारा झाल्यावर पट्टेवाल्याने सुरुवात केली की त्याला न थांबवता साहेबांकडे पाहून म्हणा, ‘साहेब, मी प्रतिज्ञा करतो.’ बस्स. आमच्याकडे एका साक्षीदाराने याच ठिकाणी घटनेतलं कलम ५१ क, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे सुरू केलं होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘गुरुजी, तुमची साक्ष जनावरं शेतात शिरल्याची आहे ना?’ कोर्टात हशा पिकला आणि पुढचा अर्धा तास ते गुरुजी चिडलेलेच होते. चिडलेला साक्षीदार उलटतपासणीत चुका करतो. तत्त्व बरोबर होतं, ते मांडायची जागा चुकली.

आणि ऐन वेळी गोंधळ होऊन तुमच्याही तोंडून ‘ईश्वराची शपथ’ निघून गेलीच तर रात्रभर जागत बसू नका. कलम ७ चं वर सांगितलंच आहे. साक्ष शाबूत राहते, बंधनही तेवढंच राहतं.

नाराजीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक न्यायाधीशांना काहीच वाटत नाही. क्वचित कोणी मान वर करून पाहतं. ‘म्हणजे काय?’ असं विचारलंच तर शपथ अधिनियमाचं कलम ५ एवढंच सांगा. तरीही ऐकलं नाही, तर वाद घालू नका. सरकारी वकिलांमार्फत तुमची विनंती रोजनाम्यात नोंदवून घ्या. एवढी वेळ येत नाही. गंमत अशी की महाराष्ट्रात साक्ष ज्या छापील नमुन्यावर नोंदवली जाते, त्यावर बहुतेक ठिकाणी आधीपासून प्रतिज्ञेवरच कथन करतो अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. मराठी प्रतिज्ञापत्रं पाहा, ती ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ अशीच सुरू होतात. म्हणजे तोंडी देव आणि कागदावर प्रतिज्ञा, असा प्रकार वर्षानुवर्षं चाललाय आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही.

असं का, त्याचं मूळ मला वाटतं जुन्या कायद्यात आहे. पेशवाईत आपल्याकडे पुरावा अपुरा पडला की दिव्य करत, म्हणजे देवावर हवाला ठेवून शारीरिक परीक्षा घेत. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, त्याला रवादिव्य म्हणत. हात भाजला की हरला. बेलभंडार उचलणं, नदीच्या पाण्यात उभं राहून सांगणं, हे त्याहून सौम्य प्रकार. गोतसभेच्या महजरांत, म्हणजे गावपंचायतीच्या निवाडापत्रांत, याच्या नोंदी आहेत. कंपनी सरकारच्या कोर्टांनी दिव्य बंद केलं, पण हिंदूला गंगाजलावर आणि मुसलमानाला कुराणावर शपथ द्यायची पद्धत ठेवली. त्याचा त्रास असा झाला की प्रतिष्ठित माणसं साक्षीलाच येईनात. गंगाजल हातात घेऊन पोटासाठी खटले लढणाऱ्यांच्या रांगेत उभं राहणं त्यांना पाप वाटे. खोटं बोलायचं नव्हतं तरीही. म्हणून १८४० च्या ५ क्रमांकाच्या कायद्याने हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांची त्या शपथेतून सुटका केली आणि तिच्या जागी प्रतिज्ञा आणली, अर्थात सर्वशक्तिमान ईश्वराला साक्षी ठेवून. पुढे १८७३ च्या शपथ कायद्याने ठरवलं की साक्षीदार हिंदू किंवा मुसलमान असेल, किंवा त्याची शपथेला हरकत असेल, तर त्याने प्रतिज्ञाच करायची. म्हणजे १९६९ पर्यंत जवळजवळ शंभर वर्षं ब्रिटिशांच्या आणि नंतर आपल्या कोर्टांत सामान्य हिंदू साक्षीदाराने कायद्याप्रमाणे प्रतिज्ञाच केली आहे. गीतेवर हात ठेवून ‘जो कहूँगा सच कहूँगा’ हे सिनेमाचं कोर्ट. माझे पक्षकार आजही साक्षीच्या आदल्या दिवशी विचारतात की गीता आपण न्यायची की कोर्टात असते.

१८७३ च्या त्या कायद्यात एक भाग मात्र विलक्षण होता. कलम ८ ते १२. दाव्यातला एक पक्ष म्हणू शकत असे की समोरच्याने अमुक देवळात, अमुक पद्धतीने शपथ घेऊन सांगितलं तर मी ते मान्य करतो. समोरच्याने ती शपथ घेतली की त्याने सांगितलेली गोष्ट या पक्षाविरुद्ध निर्णायक पुरावा ठरत असे. साक्षी नाही, दस्त नाही, एका शपथेवर दावा संपला. गावात अजून ‘चल देवळात, पिंडीला हात लाव, मी पैसे सोडले’ असं ऐकू येतं, ती त्याच मनाची रीत. विधी आयोगाने आपल्या २८ व्या अहवालात या कायद्याची झाडाझडती घेतली आणि १९६९ च्या कायद्यात निर्णायक शपथेची ही सोय ठेवली गेली नाही. माझ्या मते हे फार चांगलं झालं. त्या सोयीत भित्रा माणूस खरा असूनही हरायचा आणि निगरगट्ट माणूस पिंडीला हात लावून घरी जायचा. आता उरलंय ते एवढंच: साक्षीदाराला आपल्या समाजात बंधनकारक मानल्या जाणाऱ्या रीतीने शपथ घ्यायची इच्छा असेल तर कोर्ट परवानगी देऊ शकतं. अट अशी की ती रीत न्यायाला आणि सभ्यतेला सोडून नसावी आणि तिचा रोख तिसऱ्या माणसावर नसावा. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी शपथ, त्या शेवटच्या अटीतच अडकते.

इंग्लंडमध्ये नास्तिकांची स्थिती याहून वाईट होती आणि गंमत म्हणजे त्या गोष्टीची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका व्यापाऱ्यापासून होते. कलकत्त्याचे ओमिचंद विरुद्ध बार्कर या १७४४ च्या खटल्यात प्रश्न होता की ख्रिस्ती नसलेल्या साक्षीदारांची साक्ष घ्यायची का. कलकत्त्यात हिंदू साक्षीदारांनी आपल्या रीतीने, ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी ती साक्ष ग्राह्य धरली. पण त्याच खटल्यात सरन्यायाधीश विल्स यांनी रेघ ओढली: बक्षीस आणि शिक्षा देणारा देव जो मानतो त्याची साक्ष चालेल, जो मानत नाही त्याची नाही. हिंदूंसाठी दार उघडलं आणि त्याच दाराने नास्तिक बाहेर राहिला. १८६१ मध्ये रॉचडेलला एका बाईने देव मानत नाही असं खरं सांगितलं म्हणून तिची साक्षच घेतली नाही आणि ज्या दाव्यात ती साक्ष द्यायची होती तो दावा गेला. खोटं बोलून ‘मानते’ म्हणाली असती तर साक्ष झाली असती. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने हीच विसंगती १८५९ मध्ये दाखवून दिली होती, की हा नियम खोटारड्या नास्तिकाला आत घेतो आणि खऱ्या नास्तिकाला बाहेर ठेवतो. तिथल्या कोर्टांत नास्तिकांना वाट मिळाली ती १८६९ च्या कायद्याने. पार्लमेंटात मात्र उघड नास्तिक असलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉ यांना १८८० मध्ये निवडून आल्यावरही जागा मिळेना. पुन्हा पुन्हा निवडून येऊन ते १८८६ मध्ये बसले आणि १८८८ चा शपथ कायदा त्यांनीच करवून घेतला. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर १८८९ मध्ये, हेच ब्रॅडलॉ मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात मात्र साक्षीदाराची पात्रता ठरवताना धर्माचा उल्लेखच नव्हता. प्रश्न समजतो का आणि समजेल असं उत्तर देता येतं का, एवढीच कसोटी. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ मध्येही तीच आहे.

ही कसोटी लहान मुलांच्या साक्षीत सगळ्यात स्वच्छ दिसते. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय ते कळत नसेल, पण खरं बोललं पाहिजे हे कळत असेल, तर शपथ न देताच त्याची साक्ष घेतात. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या डिसेंबर १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी आठ वर्षांच्या मुलीची शपथेविना झालेली साक्ष ग्राह्य धरली. शपथ न दिल्याचा परिणाम फार तर साक्षीच्या वजनावर होईल, ग्राह्यतेवर नाही. मूल खरं बोलण्याचं कर्तव्य जाणतं, हे न्यायाधीशांनी नोंदवायला हवं, असंही त्यांनी सांगितलं. त्यासाठी साहेब मुलाला आधी दोन-चार प्रश्न विचारतात. शाळा कुठली, बाई कोण, आणि मग ठरलेला प्रश्न: ‘खोटं बोललं की काय होतं?’ ठरलेलं उत्तर असतं, ‘पाप लागतं’ किंवा ‘देवबाप्पा शिक्षा करतो.’ ज्या घरात देव्हारा नव्हता अशा घरातला नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. तो जरा विचार करून म्हणाला, ‘दुसऱ्यालाच शिक्षा होते.’ साहेबांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

साक्षीचं वजन कशावर ठरतं, हा तुमच्या काळजीचा दुसरा भाग. पंच म्हणून सही करून नंतर ‘पोलिसांनी कोऱ्या कागदावर घेतली’ म्हणणारे, जखमीला आपल्या रिक्षातून दवाखान्यात नेऊन कोर्टात ‘मी गावालाच नव्हतो’ म्हणणारे, असे फितूर झालेले साक्षीदार मी पुष्कळ पाहिले. जवळजवळ सगळ्यांनी ईश्वराची शपथ घेतली होती. खोट्या साक्षीबद्दल कारवाई मात्र क्वचितच होते, कारण त्यासाठी कोर्टाला आधी न्यायाच्या हितासाठी कारवाई आवश्यक आहे असं मत बनवावं लागतं आणि तुंबलेल्या कोर्टांना त्याला वेळ नसतो. निकालपत्रात शेवटी पाहतात ते वेगळंच: घटनास्थळापासून तुम्ही किती अंतरावर होता, उजेड किती होता, पोलीस जबाबात नसलेलं काही आज सांगताय का, फिर्यादीशी नातं किंवा आरोपीशी वैर आहे का. तुम्ही शपथ घेतली की प्रतिज्ञा, यावर साक्षीचं मूल्यमापन केलेला निकाल माझ्या पाहण्यात नाही.

तरी आरोपीचे वकील चिमटा काढतीलच. उलटतपासणीत प्रश्न येईल, ‘तुम्ही देव मानत नाही, हे खरे आहे काय?’ उत्तर द्या, ‘खरे आहे.’ तिथेच थांबा. पुढे येईल, ‘म्हणजे पाप-पुण्यावर तुमचा विश्वास नाही, त्यामुळे खोटे बोलण्याची तुम्हाला भीती वाटत नाही, असे म्हणणे बरोबर आहे काय?’ ‘बरोबर नाही.’ पुन्हा थांबा. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणारा प्रश्न विचारू द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५१ ने न्यायाधीशांना दिलाय. मुद्द्याशी संबंध नसलेला किंवा फार दुरून जोडलेला प्रश्न ते थांबवू शकतात. हरकत घेणं सरकारी वकिलांचं काम, तुमचं नाही. आणि कोणी धर्माचा रकाना भरायला सांगून कोंडीत पकडायला गेलंच, तर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही आणि ‘मी कोणताच धर्म मानत नाही’ म्हणण्याचा हक्क घटनेच्या कलम २५ मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात येतो.

लंडनला असलेल्या एका मराठी कुटुंबाने मला हाच प्रश्न तिथल्या कोर्टाबद्दल विचारला होता म्हणून ओघात सांगतो. तिथला १९७८ चा शपथ कायदाही प्रतिज्ञेला शपथेइतकंच वजन देतो, आणि शपथ घेताना माणसाची कुठलीच धर्मश्रद्धा नव्हती म्हणून ती शपथ पोकळ ठरत नाही, असंही त्यात लिहिलेलं आहे.

तुमच्यासाठी एक जास्त महत्त्वाची गोष्ट. पोलिसांनी दोन वर्षांपूर्वी घेतलेला तुमचा जबाब शपथेवर नव्हता आणि त्यावर तुमची सही घ्यायची नसते. त्यात तुम्ही न सांगितलेलं काही घुसलं असेल तर पिंजऱ्यात ते मान्य करू नका. ‘मी असे सांगितले नव्हते, पोलिसांनी का लिहिले ते सांगता येणार नाही’, हे उत्तर देण्यात गैर काही नाही. प्रतिज्ञा तुम्ही स्वतः पाहिल्या-ऐकल्याची केलेली असते, पोलिसांच्या कागदाची नव्हे. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. काठी कोणत्या हातात होती हे आठवत नसताना उजव्या म्हणणं, हेच बंधन मोडणं आहे, आणि चांगली माणसं ते मदत करण्याच्या भरात करतात.

साक्ष संपली की टंकलिखित प्रत वाचून मगच सही करा. चूक दिसली तर तिथेच सांगा, ती दुरुस्त करून किंवा नोंद करून घेतात. वर ‘शपथेवर’ छापलेलं दिसलं तर त्यासाठी भांडू नका. कायद्याच्या व्याख्येत शपथ म्हटलं की त्यात प्रतिज्ञा येतेच. समन्सची प्रत आणि ओळखपत्र सोबत न्या. एसटीचं तिकीट जपून ठेवा, साक्षीदाराचा भत्ता मागितल्याशिवाय सहसा कोणी हातावर ठेवत नाही.